पाट, पाहुणा आणि कारभारी

आपल्याकडे दिवाळीची खरेदी हा घरातल्या सगळ्यांचा विषय असतो. साडी घ्यायची तर पदर उलटून पाहिला जातो, काठ चिमटीत धरला जातो, रंग पक्का आहे ना हे दुकानदाराला तीनतीनदा विचारले जाते. दागिना घ्यायचा तर घडणावळ किती, घट किती, मोडीला परत घ्याल तर काय भावाने, इथवर चौकशी होते. इतकी चोखंदळ मंडळी संगणकाच्या दुकानात शिरली की मात्र एकदम विनम्र होतात. दुकानदार दोन आकडे आणि चार इंग्रजी अक्षरे उच्चारतो, मुलगा ‘हो बाबा, हाच चांगला’ असे म्हणतो, आणि हजारो रुपयांचा सौदा पाच मिनिटांत पुरा होतो.

तो सौदा ठरतो बहुधा एकाच प्रश्नावर : प्रोसेसर कोणता? जाहिरात त्याची, पेटीवरची चिकटपट्टी त्याची, शेजाऱ्यांना सांगायचे नावही त्याचेच. पण तो प्रोसेसर ज्या बैठकीवर बसतो ते सॉकेट, आणि घरातले बहुतेक व्यवहार ज्याच्या हातून चालतात तो चिपसेट, या दोघांची विचारपूस कोणी करत नाही. मौज अशी, की आपला संगणक किती वर्षे उपयोगी पडेल, त्यात पुढे सुधारणा करता येईल की नाही, एक भाग बिघडला तर तेवढाच बदलून भागेल की सगळाच संसार मोडावा लागेल, हे बरेचसे या दोघांवरच अवलंबून असते. या दोन अप्रसिद्ध मंडळींची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठी हा लेख.

लेखक पेशाने मराठीचा अध्यापक. तेव्हा या विषयात तोंड घालण्याचा त्याला अधिकार काय, असे कोणी विचारील. उत्तर इतकेच, की व्याकरण शिकवणाऱ्याला कोणता शब्द कोणत्या शब्दाशी जुळतो आणि कोणता का जुळत नाही, याची चौकशी करण्याची खोड असते. आणि सॉकेटचा सारा इतिहास म्हणजे जुळण्याचा आणि न जुळण्याचाच इतिहास आहे.

पेटीच्या आत

आपल्याकडे टेबलाखालच्या सबंध पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘आमचा सीपीयू बिघडलाय’ असे म्हणून माणसे ती भली मोठी पेटी रिक्षात घालून दुरुस्तीला नेतात. वास्तविक सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा त्या पेटीतला बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. सगळी आकडेमोड त्याची. पेटीच्या एका बाजूला उभा बसवलेला, ताटाएवढा रुंद, रेषारेषांनी भरलेला जो पत्रा दिसतो तो मदरबोर्ड. या मदरबोर्डावर प्रोसेसरसाठी एक चौकोनी जागा राखून ठेवलेली असते. तिला सॉकेट म्हणतात. आणि त्याच बोर्डावर, बहुधा एखाद्या पत्र्याच्या झाकणाखाली, दुसरा एक तुकडा कायमचा डाखलेला असतो, तो चिपसेट.

घरगुती भाषेत सांगायचे तर प्रोसेसर हा पंगतीचा मानकरी पाहुणा, सॉकेट हा त्याच्यासाठी मांडलेला पाट, आणि चिपसेट म्हणजे घरचा कारभारी. कीबोर्डावर बोट पडले, यूएसबीत पेनड्राइव्ह खोचला, डिस्कवरून फोटो मागवला, की ती वर्दी साधारणपणे आधी कारभाऱ्याकडे जाते आणि मग पाहुण्यापर्यंत पोचते. पाहुणा कितीही थोर असो, कारभाऱ्याने ज्या सोयी ठेवल्या नाहीत त्या त्याला मिळत नाहीत.

पाट म्हटले तरी तो साधा नाही. पहिल्या आयबीएम पीसीत, म्हणजे १९८१ साली, इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याला दोन्ही बाजूंना मिळून ४० पाय होते. गोमेसारखा तो आपल्या जागी बसे. त्याच्या शेजारी आणखी एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असे. गणिताचे काम फार असेल त्याने ८०८७ नावाचा सहायक विकत आणून तिथे बसवावा, अशी ती सोय होती. आजच्या घरगुती प्रोसेसरला असे पाय नसतात. त्याच्या तळाला सोनेरी ठिपके असतात आणि तेही सतराशे-अठराशे!

इतके ठिपके कशाला, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्यातले बरेचसे बोलण्याचालण्यासाठी नाहीतच. ते नुसते वीज आत घेण्यासाठी आणि बाहेर सोडण्यासाठी आहेत. आपल्या घरचा १०० वॉटचा जुना दिवा २३० व्होल्टवर चालतो, म्हणून त्याला अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो. प्रोसेसर मात्र जेमतेम एक-सव्वा व्होल्टवर चालतो. त्याला तेच १०० वॉट द्यायचे तर प्रवाह लागतो ऐंशी ते शंभर अँपिअर! एवढा लोंढा चार-दोन पिनांतून जाईल तर त्या तापून जातील. म्हणून तो शेकडो पिनांत वाटून द्यावा लागतो. कोणत्या पिनेतून वीज, कोणत्या पिनेतून निरोप, कोणती पीन पुढच्या काळासाठी राखीव, हे सगळे आधी ठरलेले असते. सॉकेट म्हणजे एका अर्थाने हा लेखी करारच. पिनांची संख्या हे त्या कराराचे नाव. आतली कलमे वेगळीच.

एका पाटावर अनेक पाहुणे

या करारावर सही कोणाकोणाची असावी, यावरून संगणकाच्या बाजारात जे घडले ते एखाद्या भाऊबंदकीच्या कथेपेक्षा कमी रंजक नाही.

१९९५ च्या सुमारास ‘सॉकेट ७’ नावाची ३२१ पिनांची बैठक प्रचारात आली. ती आणली इंटेलने, आपल्या पेंटियमसाठी. पण तिच्यावर बसणारे प्रोसेसर एएमडीनेही केले, सायरिक्सनेही केले. बोर्ड एकच, त्यावर हवा तो प्रोसेसर आणून बसवा! एकाने भाव वाढवला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळायला मोकळे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जुळवून देणाऱ्यांचा धंदा भरभराटीला आला तो या नव्वदीच्या दशकात, आणि मध्यमवर्गीय घरांत पहिला संगणक शिरला तो पुष्कळदा असाच, जुळवलेला.

या सॉकेट ७ च्या कथेत पुण्यात जन्मलेले एक गृहस्थ येतात. विनोद धाम हे त्यांचे नाव. इंटेलमध्ये पेंटियमच्या निर्मितीत त्यांचा मोठा वाटा होता. ‘पेंटियमचे जनक’ असाच त्यांचा उल्लेख होतो. १९९५ साली इंटेल सोडून ते नेक्सजेन या लहानशा कंपनीत गेले. नेक्सजेनचा प्रोसेसर हुशार होता. पण त्याचे दुखणे असे, की तो पेंटियमच्या बैठकीवर बसत नसे. त्याच्यासाठी बोर्डच निराळा घ्यावा लागे. गुणी माणसाला बसायला जागा नसली म्हणजे जे होते तेच झाले. पुढे १९९६ मध्ये एएमडीने नेक्सजेन विकत घेतली, आणि त्यांच्या पुढच्या प्रोसेसरची रचना सॉकेट ७ वर बसेल अशी बदलून घेतली. तो एएमडीचा ‘के-६’. एप्रिल १९९७ मध्ये तो बाजारात आला आणि जुन्या पेंटियमच्या पाटावर बसून त्याने चांगले नाव कमावले. करार खुला असला म्हणजे काय होते, याचा हा नमुना.

पण नेमक्या पुढच्याच महिन्यात, मे १९९७ मध्ये, इंटेलने पेंटियम-२ आणला आणि पाटच उचलून ठेवला! नवा प्रोसेसर चौकोनी तुकडा नव्हता. कॅसेटसारख्या आवरणात तो बंद होता आणि बोर्डावरच्या ‘स्लॉट १’ नावाच्या लांबट खाचेत तो उभा खोचायचा होता. कारण तांत्रिक होते आणि खरेही होते : प्रोसेसरला लागणारी जलद स्मृती त्या वेळी त्याच्या पोटात मावत नव्हती, ती शेजारी ठेवण्यासाठी जागा हवी होती. पण त्याचा परिणाम असाही झाला, की या नव्या बैठकीचे हक्क राखीव असल्यामुळे एएमडी आणि सायरिक्स दाराबाहेर राहिले.

एएमडीने १९९९ मध्ये आपला अ‍ॅथलॉन आणला तेव्हा काय करावे? खाच तीच वापरली, फक्त उलटी फिरवून बोर्डावर लावली, आणि तिला ‘स्लॉट ए’ म्हटले. आकाराने सारखी, पण आतून बोली निराळी. प्रोसेसर आणि बाकीच्या मंडळींमधले बोलणे चालवण्याची रीत त्यांनी डेक या कंपनीच्या अल्फा प्रोसेसरकडून परवाना काढून घेतली होती. त्या दिवसापासून इंटेलचे आणि एएमडीचे बोर्ड वेगळे झाले ते आजतागायत. चूल वेगळी झाली की भांडीही वेगळी होतात! पुढे एक-दोन वर्षांत ती जलद स्मृती प्रोसेसरच्या पोटात मावू लागली, दोन्ही घराण्यांनी खाच सोडून दिली आणि चौकोनी सॉकेट परत आणले. परंतु एकत्र पंगत काही पुन्हा बसली नाही.

कारभाऱ्याची बढती आणि उतरती

आता थोडे चिपसेटविषयी. आरंभी असा वेगळा कारभारी नव्हताच. स्मृती सांभाळणारा एक, घड्याळ सांभाळणारा दुसरा, कीबोर्ड पाहणारा तिसरा, असे डझनावारी तुकडे बोर्डावर विखुरलेले असत. १९८५-८६ च्या सुमारास अमेरिकेतल्या ‘चिप्स अँड टेक्नॉलॉजीज’ या कंपनीने ही किरकोळ नोकरमंडळी एकत्र करून मोजक्या तुकड्यांत बसवली. मोजक्या चिपांचा संच, म्हणून ‘चिपसेट’. यामुळे बोर्ड लहान झाले, स्वस्त झाले, आणि तैवानमधल्या कारखानदारांना आयबीएमसारखे संगणक करणे सोपे गेले. पुढे हीच कंपनी इंटेलने १९९७ मध्ये विकत घेतली.

बरीच वर्षे चिपसेट म्हणजे दोन तुकडे असत. नकाशात वरच्या बाजूला, प्रोसेसरलगत, काढतात तो ‘नॉर्थब्रिज’, म्हणजे उत्तरेचा पूल. आणि खालचा ‘साउथब्रिज’, दक्षिणेचा पूल. उत्तरेकडे मानाची कामे : स्मृती आणि चित्र. दक्षिणेकडे डिस्क, यूएसबी, आवाज, कीबोर्ड अशी रोजची धुणीभांडी. पण निरोप्यामार्फत निरोप पोचवण्यात वेळ जातो. म्हणून २००३ मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉन-६४ मध्ये स्मृतीचा कारभार थेट प्रोसेसरकडे दिला. इंटेलने २००८ मध्ये तेच केले. हळूहळू उत्तरेचा पूल प्रोसेसरमध्येच विरून गेला, आणि आज घरगुती बोर्डावर उरला आहे तो एकटा दक्षिणेचा कारभारी.

कारभारी एकटा उरला म्हणून त्याचे महत्त्व सरले असे मात्र समजू नये. जानेवारी २०११ ची गोष्ट. इंटेलने नवे प्रोसेसर आणि त्यांच्याबरोबर ६-मालिकेचे चिपसेट बाजारात आणले होते. प्रोसेसर उत्तम होते. वाखाणले जात होते. आणि ३१ जानेवारीला कंपनीनेच जाहीर केले, की चिपसेटमध्ये दोष आहे. डिस्क जोडण्याच्या काही जागा काळाच्या ओघात दुबळ्या होत जातील. मूळ कुठे? चिपसेटमधल्या एका अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टरमधून वीज झिरपत होती. तेवढ्यावरून माल थांबवला गेला, बोर्ड परत घेतले गेले, आणि दुरुस्ती व बदलीचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर धरला. पाहुणा ठणठणीत होता. कारभाऱ्याच्या एका करंगळीने एवढा उत्पात केला.

बसतो, पण चालत नाही

आता आपल्या खिशाशी ज्याचा थेट संबंध आहे त्या भागाकडे येऊ.

इंटेलच्या घरगुती बैठकी पाहा. २००९ मध्ये ११५६ ठिपक्यांची, २०११ मध्ये ११५५ ची, २०१३ मध्ये ११५० ची, २०१५ मध्ये ११५१ ची. सहा वर्षांत चार पाट! ११५६ आणि ११५५ यांत तर फक्त एका ठिपक्याचा फरक. पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसत नाही. एका अनुस्वाराने अर्थ बदलतो हे आम्ही वर्गात सांगतो. इथे एका ठिपक्याने बोर्ड बदलतो.

हे निदान उघड तरी आहे. त्याहून चमत्कारिक प्रकार २०१७ मध्ये झाला. कल्पना करा, की एका कुटुंबाने २०१६ साली संगणक घेतला. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, बैठक ११५१ ठिपक्यांची. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यांचीही बैठक ११५१ चीच; नाव तेच, आकार तोच, कडेच्या खोबणीही त्याच. जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर ठेवला तर तो अलगद बसतो. फक्त संगणक सुरू होत नाही! कारण नव्या प्रोसेसरला ३०० मालिकेचा चिपसेट असलेला बोर्डच लागतो, असे इंटेलने ठरवले होते. नव्या पिढीत गाभे सहा झाले, त्यांना वीज जास्त लागते, म्हणून काही राखीव पिना विजेला दिल्या, असा त्याचा खुलासा होता, आणि पिनांची मांडणी तशी बदललेलीही होती. पुढे काही हौशी तंत्रज्ञांनी बोर्डातली प्रणाली फेरफार करून आणि प्रोसेसरचे काही ठिपके चिकटपट्टीने झाकून काही जुन्या बोर्डांवर तो चालवूनही दाखवला. तेव्हा सगळीच अडचण विजेची होती की थोडी मर्जीचीही, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

या जुन्या गोष्टीची झळ अलीकडे लागली. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालते ते, इंटेलच्या बाबतीत, सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढे. म्हणजे त्या २०१६ च्या संगणकाला हवा होता तो नेमका आठव्या पिढीचा प्रोसेसर. पाट त्याच मापाचा घरात मांडलेला. आणि तरीही त्याला घरात घेता येत नाही. चालता-बोलता संगणक कोपऱ्यात सारावा लागतो, तो झिजला म्हणून नव्हे. एका जुन्या करारातले एक कलम जुळत नाही म्हणून.

दुसऱ्या घराण्यात सगळे आलबेल आहे असेही नाही. एएमडीच्या कार्यालयीन कामाच्या दणकट प्रोसेसरांसाठी २०१७ मध्ये ४०९४ ठिपक्यांची बैठक आली. २०१९ मध्ये तशीच दिसणारी, तितक्याच ठिपक्यांची दुसरी आली, आणि दोघींचे एकमेकींशी जमत नाही. पण घरगुती बाजारात एएमडीने ‘एएम-४’ ही १३३१ पिनांची बैठक २०१७ च्या रायझेन प्रोसेसरांपासून चालवली ती एवढी, की २०२४ मध्येही तिच्यासाठी नवे प्रोसेसर निघाले. या दीर्घायुष्यातही एक कसोटीचा क्षण आला. मे २०२० मध्ये कंपनीने सांगितले, की येणारे नवे प्रोसेसर ४०० मालिकेच्या चिपसेटवर चालणार नाहीत. कारण असे दिले, की बोर्डातली बायोस, म्हणजे संगणक उठताना वाचला जाणारा पहिला पाठ, जिच्यात साठवतात ती चिप बऱ्याच बोर्डांवर १६ मेगाबाइटांची; इतक्या सगळ्या पिढ्यांची ओळख तिच्यात मावत नाही. वर्ष-दोन वर्षांपूर्वी बोर्ड घेतलेल्या गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला. दोन आठवड्यांच्या आत, त्याच महिन्यात, कंपनीने निर्णय फिरवला. २०२२ मध्ये तर त्याहून जुन्या ३०० मालिकेलाही परवानगी मिळाली. गिऱ्हाइकाने तोंड उघडले तर कलम बदलते, याचे एवढे स्वच्छ उदाहरण विरळा.

या बायोसची आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. जुना बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखायला शिकवायचा तर बायोस नवी करावी लागते. पण ती नवी करायला संगणक सुरू व्हावा लागतो. आणि तो सुरू व्हायला बोर्डाच्या ओळखीचा जुना प्रोसेसर लागतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसलाच प्रकार! २०१८ मध्ये एएमडीने अशा अडलेल्या गिऱ्हाइकांना एक साधा प्रोसेसर तात्पुरता उसना पाठवण्याची सोय केली होती. काम झाले की परत करायचा. शेजारून विरजण आणावे तसे! आता पुष्कळशा चांगल्या बोर्डांवर प्रोसेसरशिवायच, नुसता पेनड्राइव्ह लावून, बायोस नवी करण्याची सोय असते.

वाकलेली पीन

पिना कोणाच्या अंगावर असाव्यात, हाही एक प्रश्नच. पूर्वी त्या प्रोसेसरच्या तळाला असत. २००४ मध्ये इंटेलने ७७५ पिनांच्या बैठकीपासून त्या बोर्डावर आणल्या, आणि २०२२ च्या ‘एएम-५’ पासून एएमडीनेही तेच केले. म्हणजे नाजूक भाग आता पाटातच आहे. केसासारख्या बारीक, वाकड्या मानेच्या त्या पिना. नखाचा धक्का लागला तरी वाकतात.

आमच्या इमारतीतल्या एका सेवानिवृत्त गृहस्थांचा संगणक गेल्या वर्षी बंद पडला. आत धूळ फार झाली म्हणून त्यांच्या नातवाने प्रोसेसर काढून पुसला आणि परत बसवला होता. दुकानात नेला तर ‘आजोबा, सगळाच जुना झालाय, नवीनच घ्या’ असा सल्ला मिळाला. संगणकात त्यांच्या दिवंगत पत्नीने टंकलिहून ठेवलेल्या ओव्यांचा आणि पाककृतींचा संग्रह होता. तो दुसरीकडे काढून घेता येतो हे खरे, पण त्यांचा जीव त्या यंत्रातही गुंतला होता. शेवटी ओळखीतल्या एका कारागिराने जिना चढून येऊन पेटी उघडली. प्रोसेसर काढला, भिंगातून सॉकेट पाहिले आणि म्हणाला, ‘काका, एक पीन वाकलीय फक्त. तुमचा चष्मा पुसा आणि टॉर्च धरा.’ पाऊण तास तो सुईच्या टोकाने ती पीन सरळ करत होता. संगणक सुरू झाला. मजुरी त्याने किती घ्यावी? दोनशे रुपये आणि चहा!

हे कौतुक सांगण्याचे कारण असे, की सॉकेट आहे म्हणून ही दुरुस्ती होऊ शकली. लॅपटॉपमध्ये एके काळी प्रोसेसर काढता-घालता येई. गेल्या दहा वर्षांत बहुतेक सगळे लॅपटॉप प्रोसेसर बोर्डावर कायमचे डाखलेले येतात. त्याने यंत्र पातळ होते, हलके होते, आणि ते आपल्याला आवडतेही. पण तिथे पाट आणि पाहुणा वेगळे उरत नाहीत. एक गेला की दुसराही जातो. मोबाइलचे तर बोलायलाच नको. सॉकेट ही म्हणूनच एक प्रकारची मोकळीक आहे. यंत्र विकत घेतल्यानंतरही त्यात बदल करण्याचा आपला हक्क त्या चौकोनात शिल्लक असतो.

दुकानात काय विचारावे

तेव्हा टेबलावरचा संगणक घेणार असाल तर साडीचा पदर उलटून पाहता तसे चार प्रश्न अवश्य विचारा.

पहिला : बैठक कोणती, आणि ती आली केव्हा? एखाद्या बैठकीचे आयुष्य संपत आले असेल तर बोर्ड स्वस्त मिळतो हे खरे; पण पुढची वाट बंद असते. हे माहीत असून घेतला तर त्यात काही वाईट नाही. न कळता घेतला तर मात्र फसगत.

दुसरा : चिपसेट कोणता? इंटेलच्या चिपसेटांत साधारणपणे एच हे अक्षर साधेपणाचे, बी मध्यमवर्गाचे आणि झेड हौशी श्रीमंतांचे. एएमडीत ए, बी आणि एक्स असा क्रम. चिठ्ठ्या लिहिणे, हिशेब ठेवणे, मुलांचा अभ्यास, चित्रपट पाहणे, एवढ्यासाठी मधला वर्ग भरपूर झाला. महागडा चिपसेट घेऊन प्रोसेसर अधिक हुशार होत नाही. फक्त जोडण्याच्या जागा आणि फेरफाराच्या सोयी वाढतात.

तिसरा : स्मृती कोणत्या जातीची? एएम-४ वर डीडीआर-४ चालते, एएम-५ वर डीडीआर-५. इंटेलच्या २०२१ च्या १७०० ठिपक्यांच्या बैठकीचे बोर्ड दोन्ही जातींचे निघाले. पण एका बोर्डावर सहसा एकच जात. जुन्या संगणकातली स्मृती नव्यात घालू, असा बेत असेल तर हे आधी पाहावे.

चौथा, आणि जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवणाऱ्यांनी विसरू नये असा : बोर्ड तयार करणाऱ्या कंपनीच्या यादीत या प्रोसेसरचे नाव आहे का, आणि असेल तर बायोसची कोणती आवृत्ती हवी? ही यादी प्रत्येक बोर्डाची प्रसिद्ध केलेली असते. दुकानदाराच्या ‘चालून जाईल हो साहेब’ या आश्वासनापेक्षा ती अधिक विश्वासाची.

आणि बिलावर फक्त ‘संगणक संच, एक’ असे लिहून घेऊ नका. प्रोसेसरचे नाव, बोर्डाचे नाव, दोन्ही लिहून घ्या. पाच वर्षांनी एखादा भाग बदलायचा झाला तर तो कागद सोन्याच्या पावतीइतकाच उपयोगी पडेल.

हे सारे मुलांना ठाऊक असते, आपण कशाला लक्ष घालावे, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. पण मुलांना बहुधा वेगाचे आकर्षण असते. वस्तू किती वर्षे चालावी याचा विचार हा घर चालवणाऱ्यांचा प्रांत आहे. वाटीवर नाव घालून ती तीन पिढ्या वापरणाऱ्या घरांत तो विचार मुद्दाम शिकवावा लागत नाही, फक्त नव्या वस्तूला लावावा लागतो. सहा वर्षांत चार पाट बदलणारे आपल्याला विचारून बदलत नाहीत. पण त्या मे महिन्यात दिसले त्याप्रमाणे, विचारणारे पुरेसे निघाले की त्यांनाही थांबावे लागते. यंदा दुकानात गेलात तर दुकानदाराला सॉकेट विचारा. तो क्षणभर चमकून आपल्याकडे पाहील, आणि मग बहुधा समोरची पेटी बाजूला सारून आतल्या कपाटातली दुसरी काढील.